शेवटच्या पानावरच्या दोन ओळी

अप्पा, आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या त्या दोन ओळी प्रकाशक देशमान्यांनी टाकल्या नव्हत्या. मी टाकायला लावल्या होत्या. फोन करून, हट्ट धरून, तुम्हाला न विचारता.

एवढंच वाक्य. ते तुमच्यासमोर बोलायला मला दोन वर्षं मिळाली होती. आज तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले आणि आता ते सुरळीत लिहिता येतंय. याचीच लाज वाटते.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या शाळेत आलात ते भिंती बोलक्या करायला. जळकोट तालुक्यातली आमची दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा, त्यातली एक शिक्षक मी. कंधारचे मन्मथ पेंटर शाळेच्या भिंती चांगल्या रंगवतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. शिडी आणि सायकल घेऊन तुम्ही टमटममधून उतरलात, तेव्हा आधी शिडी उतरली, मग सायकल, मग रंगाचे डबे आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि त्यावर निळ्या रंगाचा एक शिंतोडा. मला वाटलं, आजच लागला असेल. पुढे कळलं, तो कुठला ना कुठला शिंतोडा रोजच असतो.

तुम्ही भारताचा नकाशा काढलात, फळं काढलीत, बाराखडी काढलीत. आणि 'अ'च्या खाली, मी न सांगता, एक शेळी काढलीत. ती 'अ'चा काना खात होती.

"अप्पा, हे यादीत नव्हतं," मी म्हणाले.

"शेळी कुठं यादी बघून येती बाई?"

आणि त्याच आठवड्यात ते घडलं. भिंती ओल्या म्हणून वर्ग लिंबाखाली भरत होता. हजेरीपट खुर्चीवर ठेवून मी पाणी प्यायला गेले, तेवढ्यात शेजारच्या वाड्यातली कबरी शेळी येऊन जूनचं अख्खं पान खाऊन गेली. मला घाम फुटला. ऑफिसला काय सांगायचं? तुम्ही मात्र शिडीवरून खाली उतरलात, कारण हसताना शिडी हलायला लागली होती.

"बाई, घाबरून कामून राहिलात? हजेरी गेली न्हाई, शेळीच्या पोटात हाय. साहेब आला की शेळीला खुर्चीवर हुबी करा. तुम्ही नाव घ्या, ती 'बें' म्हणंल. झाली हजेरी."

मी पण हसले. शाळेच्या आवारात, मुलांदेखत, तोंडावर हात न ठेवता. तुम्हाला ते मोठं वाटलं नसेल, पण मला आठवत नव्हतं मी याआधी अशी कधी हसले होते. सासरी नाही, नोकरीत नाही. "हे लिहा," तुम्ही म्हणालात. "मी चित्रं काढतो. आपण पुस्तक करू." जसं काही भिंत रंगवून झाल्यावर उरलेल्या रंगात करायचं काम.

मग वर्षभर दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी कंधारची गाडी धरायची. तुमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर कागद पसरलेले, महादेवीवहिनींनी आणून ठेवलेली मुरमुऱ्यांची सुशीला आणि तुम्ही माझा मजकूर चष्म्यावरून बघताय. वाचताना तुमचे ओठ हलायचे. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले आणि मी एम.ए., पण त्या खोलीत वही माझी आणि लाल पेन तुमच्या हातात असायचा.

"बाई, हे काय लिहिलं? 'एक काळी-पांढरी, खोडकर शेळी ऐटीत शाळेत आली.'"

"मग? वाईट आहे का?"

"काळी-पांढरी मी काढली. खोडकर काढली. ऐट बी काढली. शाळा बी हितं मागं हाय. आता तुमच्याकडं काय राहिलं?"

"आली," मी म्हणाले.

"आली तं दिसूनच राहिली."

"मग मी लिहू तरी काय?"

तुम्ही बराच वेळ चित्राकडे बघितलंत आणि म्हणालात, "'आणि' लिहा. पोरगं म्हणंल, आणि काय? मग ते पान उलटतंय." त्या पानावर खरोखर एकच शब्द उरला. मी इतकी वर्षं मुलांना वाचायला शिकवत होते, पण मूल पान का उलटतं याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

शेवटचं पान तुम्ही मला कितीतरी दिवस दाखवलं नाहीत. गोष्ट आपण ठरवली होती: साहेब तपासणीला येतात, शेळी हजेरी देते, साहेब खूश होऊन शेरेपुस्तकात लिहितात, 'शेळी हुशार आहे', आणि फटफटीवर बसून निघून जातात. संपलं. पण तुम्ही आणखी एक पान काढलंत. लांबलचक मुरमाचा रस्ता, लांब गेलेली फटफटी, साहेबांच्या मागच्या पिशवीतून बाहेर आलेलं कबरीचं इवलंसं तोंड आणि त्या तोंडात अर्धं शेरेपुस्तक. शेळी इतकी बारीक, की शोधावी लागते. मी आधी रस्ताच बघत बसले. मग दिसली. मग मला सुशीलेचा ठसका लागला आणि वहिनी पाणी घेऊन पळत आल्या.

"हितं एक अक्षर लिहायचं न्हाई," तुम्ही म्हणालात. "हे पान माझं."

"पण अप्पा, शेवटी मुलांना काहीतरी मिळायला पाहिजे ना?"

"हसू मिळालं की."

"हसू म्हणजे काही मिळणं नव्हे."

"तुमच्या वर्गातून रोज किती लेकरं हसून घरी जातेत? मोजा एक दिवस आन् मग मला सांगा." हा वाद आपण दर शनिवारी थोडा थोडा घालायचो. मी मोजलं नाही. तुम्हीही परत विचारलं नाहीत. वाद तसाच अर्धा राहिला, आणि मी तो तुमच्या पाठीमागे एकटीनं संपवला.

कसा, ते सांगते.

लातूरच्या देशमान्यांनी पुस्तक छापायला घेतलं होतं. लहान प्रकाशक, स्वतःच मुद्रितं तपासणारा, स्वतःच गठ्ठे बांधणारा माणूस. छपाईला आठवडा राहिला असताना आमची महिन्याची शिक्षण परिषद झाली. केंद्रप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई पुस्तक काढून राहिल्या म्हणे. त्यात साहेबाला शेळी शिकवती म्हणे. बाई, आमचं काय चुकलं ते तरी सांगा!" सगळे हसले. तेही हसले. चहा येईपर्यंत ते विसरूनही गेले असतील. मी विसरले नाही. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात नोटीस आली, खुलासा आला, बदली झाली. मला वाटलं, शेवटी एखादा बोध असला की पुस्तक शैक्षणिक दिसेल. कुणी काही विचारलं तर दाखवता येईल.

मी देशमान्यांना फोन लावला.

"शेवटच्या पानावर दोन ओळी टाकायच्यात."

"बाई, तिथं चित्र बोलतंय. कशाला?"

"शाळांमधून विचारतात हो, बोध काय म्हणून."

"पेंटरला विचारलं का?"

"विचारलं," मी म्हणाले.

'म्हणून मुलांनो, आपल्या वस्तू नेहमी जागच्या जागी ठेवाव्यात. निष्काळजीपणा केला की नुकसान होते.' या त्या दोन ओळी. मुरमाच्या रस्त्यावर, फटफटीच्या बरोबर खाली, ठळक अक्षरात. आजही पाठ आहेत.

प्रकाशन आपल्याच शाळेत ठेवलं. तुम्ही परीटघडीचा सदरा घालून आला होता आणि त्या दिवशी कपाळावर शिंतोडा नव्हता. पुस्तक तुम्ही हातात धरलंत, मुलं पुढ्यात बसली. 'आणि'च्या पानावर सगळी ओरडली, "आणि काय?" तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. हजेरीच्या पानावर तर दोघी-तिघी लोळल्या. मग तुम्ही शेवटचं पान उलटलंत, अगदी हळू, कारण तुम्हाला ठाऊक होतं पुढे काय होणार.

छापील अक्षर दिसलं की एका सुरात, मोठ्यानं वाचायचं, ही सवय त्या मुलांना मीच लावलेली. त्यांनी वाचलं. "म्हणून मुलांनो!" सगळ्या वर्गानं, हाताची घडी घालून, ठणठणीत आवाजात. दुसरी ओळ संपली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण बोध झाला की टाळ्या वाजवायच्या, हेही मीच शिकवलेलं. शेळी कुणालाच दिसली नाही.

तुम्ही पुस्तक तसंच धरून उभे होता. पाहुण्यांना वाटलं, फोटोसाठी थांबलात.

नंतर व्हरांड्यात तुम्ही मला बाजूला घेतलंत. "हे कुणी केलं?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, "प्रकाशकाचं काम दिसून राहिलं."

"त्यांचं तसंच असतं," मी म्हणाले.

तीन शब्द. शब्द कमी करायला तुम्हीच शिकवलं होतं.

तुम्ही तिथूनच देशमान्यांना फोन लावलात. गाडी बंद पडली म्हणून त्यांना यायला जमलं नव्हतं. तुम्हाला इतकं मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही आंधळे हाव का? चित्राच्या थोबाडावर अक्षरं मारता?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. "बाई, तुम्ही तर विचारलं म्हणाला होता."

"मी सांगते त्यांना. मी बघते."

"सांगा तेवढं," म्हणाले. पुन्हा कधी विषय काढला नाही. आणि तुम्हालाही माझं नाव सांगितलं नाही.

दुसरं पुस्तक आपण धरलं होतं, एस.टी.तल्या कोंबडीचं, जिचं अर्धं तिकीट काढायचं की पूर्ण यावर अख्खी गाडी भांडते. सात चित्रं तयार होती. कंडक्टरचं ते चित्र, कोंबडीचं वय विचारणारा, मला अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही ती सातही धोतराच्या जुन्या तुकड्यात बांधून कपाटावर टाकलीत. "ज्याला चित्र वाचता येत न्हाई त्याच्या हाती चित्र द्यायचं न्हाई." मी म्हणू शकले असते, अप्पा, तो देशमाने नाही, ती मी. तुम्ही चिडला असता, महिनाभर बोलला नसता आणि मग एखाद्या शनिवारी म्हणाला असता, "या, कोंबडीचं बघू." मला हे तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. मला तुमच्या रागाची भीती नव्हती. तुमच्या खोलीत माझी जी जागा होती, ती एक शनिवारसुद्धा जायला नको होती. ती जागा राखण्यासाठी मी दुसऱ्या माणसाची जागा घालवली.

शनिवारी मी येत राहिले. सुशीला खात राहिले. विषय निघाला की ताटलीकडे बघायचे. गप्प राहणं मला फार चांगलं जमतं अप्पा, सगळा जन्म त्यावर काढलाय. लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात.

आणि मग नांदेडचा दवाखाना. चार वाजताची भेटायची वेळ होती, वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा ना."

"देशमान्याला मी लई बोललो. दोन साल झाले, त्याचा फोन उचलला न्हाई. आता ह्या हालतीत मनात ठेवून काय करू? माफ करून टाकू का त्याला?"

मी चादरीकडे बघत राहिले. तुम्हाला वाटलं, मला ते पटत नाही.

"पुस्तक तुमचं बी हाय. त्यानं तुमचं बी नुकसान केलं. म्हणून तुम्हाला विचारून राहिलो. तुमची मर्जी नसंल तर न्हाई करत."

अप्पा, ती वेळ होती. खोलीत तुम्ही आणि मी, दार लोटलेलं, तुम्ही स्वतःहून विचारलेलं. त्याहून सोपं कुणी काय करून देणार?

"करा," मी म्हणाले.

तुम्ही डोळे मिटलेत. "हलकं वाटलं," म्हणालात. चूक नसलेल्या माणसाला तुम्ही मोठ्या मनानं माफ केलंत, माझी परवानगी घेऊन. मी तुमच्या पायावरची चादर सारखी केली आणि पाचची गाडी धरली.

तुम्ही गेल्याचं कळून तुमच्या अंगणात आले तेव्हा तुम्हाला बसवलेलं होतं, आपल्याकडच्या समाधीच्या रीतीप्रमाणे, कपाळभर भस्म लावून, गळ्यात हार घालून. निजवलेल्या माणसाकडे बघणं जमतं. पण तुम्ही बसलेले होतात, पुढ्यात कुणी चित्र धरलंय आणि तुम्ही त्याच्याकडे बघताय, असे. मी खांबामागे उभी राहिले. देशमाने लातूरहून आले. हार वाहिला. वहिनी तशा रडण्यातूनही उठल्या आणि सगळ्या भावकीसमोर त्यांना म्हणाल्या, "भाऊ, जाताना त्यांनी तुम्हाला माफ केलं बरं का. मला सांगितलं तसं. तुमच्या चुकीचं मनात काही ठेवलं न्हाई."

अंगणातली माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली. चूक काय होती कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ती फारच मोठी वाटली असणार. देशमान्यांनी हात जोडले. "उपकार झाले," म्हणाले. मग त्यांनी मान वर केली आणि खांबाकडे बघितलं. फक्त बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. मी देवाचं नाव घेतलं, अप्पा, तुम्ही समोर बसलेले असताना, त्यांनी बोलू नये म्हणून.

ते बोलले नाहीत. मीही नाही.

गेल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, सवयीनंच कंधारची गाडी धरली. वहिनी ओसरीवर तूर निवडत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फोनपासून दवाखान्यापर्यंत. त्यांचा हात सुपात फिरत राहिला.

"मग दवाखान्यात कामून न्हाई सांगितलं?"

"भीती वाटली."

"कुणाची? मरून राहिलेल्या माणसाची?"

त्या उठल्या, आत गेल्या, आणि पुस्तकांचा एक गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. तुम्हाला मिळालेल्या प्रती. मी वरची उघडली, शेवटचं पान काढलं. मुरमाचा रस्ता मोकळा होता. दुसरी उघडली. तीही मोकळी. बोट फिरवलं तेव्हा कळलं, तिथे पोस्टर कलरचा पातळ हात आहे. डोळ्यांना काहीच कळत नव्हतं.

"एकेका पुस्तकाला येगळा रंग कालवायचे," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, छपाईत दर पुस्तकात रस्त्याचा रंग निराळा पडलाय. कुणाच्या घरी लेकरू असलं की एक रंगवून द्यायचे. मला म्हणले, बाईला दाखवू नको. तिच्या पुस्तकाची शोभा गेली म्हणून ती आधीच कष्टी हाय."

मी खालीच बसले.

"रडू नका," वहिनी म्हणाल्या, अगदी कोरड्या आवाजात. "फोन लावा त्या माणसाला. माझ्यासमोर."

लावला. स्पीकरवर ठेवला. मी काही बोलायच्या आत वहिनींनीच सुरुवात केली. "भाऊ, मी भरल्या अंगणात तुम्हाला बोलले. ते सगळं गलत होतं. बाईनं सांगितलं आता. मी माझं बोलणं परत घेते. माफीचं बी आन् चुकीचं बी."

मग देशमाने म्हणाले, "चुकीचं घ्या वहिनी. माफीचं नका घेऊ. अप्पांनी मनानं दिलंय, राहू द्या माझ्याकडं. त्या शिव्या ऐकून मी बी मनातल्या मनात त्यांना लई बोललोय. त्याच्यासाठी म्हणा."

मला ते काहीच बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मला माफ करायचा पहिला हक्क ज्यांना होता, ते आता नाहीत.

फोन ठेवता ठेवता त्यांनी एवढं सांगितलं, की पुस्तक पुन्हा छापायचं ठरतंय आणि त्यात शेवटच्या पानावर फक्त चित्र असेल. "विचारत नाही बाई, सांगतोय," म्हणाले.

वहिनींनी गठ्ठ्याच्या तळातून चार प्रती काढल्या. रंगवायच्या राहिलेल्या. तुमचे ब्रश, तुमच्या रंगाच्या वाट्या माझ्यापुढे सरकवल्या. "ह्या तुम्ही करा," म्हणाल्या, आणि पुन्हा तुरीला बसल्या.

अप्पा, मला तो रंग जमला नाही. पिवळ्यात तांबडा घातला तर विटकरी झाला. पांढरा घातला तर पिठासारखा. काळ्याचा एक ठिपका टाकला, तर पावसाळ्यातली वाट झाली. चार प्रतींना चार चुकीचे रस्ते. वहिनींनी एकदा मान लांब करून बघितलं आणि म्हणाल्या, "दिसून राहिलंय खाली काहीतरी हाय म्हणून." मी म्हणाले, दिसू द्या.

त्यातली एक प्रत सोमवारी वर्गात नेली. पहिलीतल्या मुली गोल करून बसल्या. मी पान उलटलं आणि थांबले. दुर्पता नावाची एक पोरगी आहे, अजून अक्षरं ओळखत नाही, तिनं पुढे सरकून त्या पिठासारख्या डागावर बोट ठेवलं.

"बाई, हितं काय झालं?"

"इथं मी मध्येच बोलले होते," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि बोट उचलून रस्त्यानं पुढे, फटफटीकडे न्यायला लागली.